पाच गहू

४ नोव्हेंबर २०२४

इशिता सकाळच्या बसनं उज्जैनहून इंदूरला गेली, तिथून पुण्याला. नानाखेड्याच्या स्टँडवर सोडून चालत परत आलो. आज नळाचा दिवस नव्हता. रक्तदाब १३४/८६.

जाण्यापूर्वी तिनं आईच्या, म्हणजे कुसुमच्या, गोधड्या एका साइटवर चढवल्या. बंगळुरूची साइट आहे. बायकांनी जुन्या किंवा टाकाऊ कापडातून केलेल्याच वस्तू तिथे चालतात. नवं कापड वापरलेलं आढळलं तर पान बंद करतात. कोणी स्वतःच्या घरच्या साड्या पाठवल्या तर त्यांचीही गोधडी करून द्यायची. कुसुम शिवणार, मीना मदतीला येणार. मीना मागच्या गल्लीत राहते. आजवर टावर चौकातल्या एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावायची.

पत्रव्यवहार आणि पॅकिंग मी घेतलं आहे. तेहतीस वर्षं बँकेत काढली, एवढं जमेल. कुसुम म्हणाली, "तुम्हाला काहीतरी काम पाहिजेच होतं." याला मी होकार समजलो.

९ नोव्हेंबर

प्रत्येक वस्तूबरोबर दोन गोष्टी द्याव्या लागतात: कचऱ्यात जाण्यापासून किती कापड वाचलं त्याचं वजन, आणि वर्णन. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं, एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम. वर्णन असं लिहिलं: "गोधडी, सुती, एक नग. स्थिती उत्तम."

इशिताचा फोन आला. बराच वेळ हसत होती. म्हणाली, बाबा, हे तारण ठेवलेल्या मालाच्या यादीसारखं वाटतं. मग फोन कुसुमनं घेतला आणि ती जे बोलली ते इशितानं तसंच साइटवर घातलं. "ही निळी साडी मी आठ वर्षं नेसले. पदर विरला, बाकी मजबूत आहे. आता हिच्यात झोपा." असं लिहिणं मला योग्य वाटलं नाही. गोधडी दुपारी विकली गेली.

संध्याकाळी दोघींशी गुणवत्तेबद्दल बोललो. उदाहरण म्हणून आमच्याच गोधडीचं दिलं. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत कुसुमनं शिवलेली. पायाकडच्या एका कोपऱ्यात गाठ आहे, तिथे पाय लागतो. घरात चालतं, ग्राहक चालवून घेणार नाही. मीना कुसुमकडे बघून हसली. कुसुम सुईत दोरा ओवत होती.

१८ नोव्हेंबर

आज एक पद्धत पाहिली. गोधडीची तीन बाजूंची शिवण झाली, टाके मध्यापर्यंत घालून झाले, की उजवा कोपरा चार बोटं उघडा ठेवतात. मग कुसुम डब्यातून भाजलेले गव्हाचे पाच दाणे काढते, कापडाच्या तुकड्यात बांधते, कोपऱ्यात सारते आणि शिवून टाकते. तेवढा वेळ दोघी बोलत नाहीत. एरवी सतत बोलतात.

विचारलं. ती म्हणाली, आई करायची. घर सोडून जाणाऱ्या गोधडीत घालतात, घरात राहणार असेल तर नाही. कारण विचारलं तर मीनानंच उत्तर दिलं. "भाईसाब, भूखी थोड़ी भेजेंगे।"

मीनाकडे ही पद्धत नाही. दोन आठवड्यांत तिनं ती आपली करून टाकली आहे.

२१ नोव्हेंबर

साइटची नियमावली पूर्ण वाचली, एकोणीस पानं. ती दोघींनीही वाचलेली नाही. पान चौदा: परदेशी जाणाऱ्या पार्सलात धान्य, बिया, वनस्पतिजन्य वस्तू असता कामा नये. आढळल्यास विक्रेत्याचं पान कायमचं बंद होऊ शकतं.

कुसुमला सांगायला हवं. पण ती या दिवसांत सकाळी गुणगुणते. आधी कधी गुणगुणत होती का, आठवत नाही.

तिच्या शिवणकामाच्या बाबतीत याआधी तीनदा मला नको म्हणावं लागलं आहे. शाजापूर, नीमच, रतलाम. प्रत्येक बदलीच्या वेळी सामानाच्या ट्रकमध्ये शिलाई मशीन बसत नव्हती. विकून जाणंच व्यवहाराचं होतं. तिनंही कधी वाद घातला नाही.

चौथ्यांदा नको म्हणायची इच्छा नाही. पॅकिंग माझ्याकडेच आहे. कोपरा उसवायचा, दाणे काढायचे, पुन्हा शिवायचा. तिचं समाधान राहील, साइटचा नियमही पाळला जाईल.

नियम फक्त परदेशी पार्सलांना आहे. पण पद्धत सगळीकडे एक असावी.

२७ नोव्हेंबर

पहिली झाली. झाबुआच्या एका शाळामास्तरणीची. दोघी कापडाच्या कतरणी आणायला फ्रीगंजच्या शिंप्यांकडे गेल्या होत्या. उसवायला दोन मिनिटं लागली, शिवायला चाळीस. बोटाला दोनदा सुई लागली. टाके सारखे आले नाहीत, पण कोपऱ्याकडे कोण बघतं.

दाणे फेकायला गेलो आणि फेकवेनात. बँकेतली छोटी खाकी पाकिटं पडून होती. एकात ठेवले. वर नाव, गाव, तारीख घातली.

३० नोव्हेंबर

कुसुम भाच्याच्या मुंजीला देवासला गेली आहे. निहारिकाची गोधडी आज पूर्ण झाली. निहारिका टोरांटोत असते, माहेर इथलंच, फ्रीगंजचं. तिची आई मार्चमध्ये गेली. तिनं आईच्या सहा साड्या पाठवल्या होत्या. त्यातली एक भैरवगढच्या छपाईची, लाल. कुसुमनं ती मधोमध घेतली आहे.

शेवटचा कोपरा मीनानं एकटीनं शिवला. मी पेपर वाचत होतो. तिनं डबा उघडला, पाच मोजले, एक परत ठेवला, दुसरा घेतला. किडका असावा. मग डोक्यावर पदर घेतला आणि शिवायला बसली.

ती गेल्यावर मी माझं काम केलं. आज वेळ लागला.

४ डिसेंबर

निहारिकाचा कुसुमला व्हिडिओ कॉल. मी आतल्या खोलीत होतो. कुसुम आधी कॅमेऱ्यासमोर बसायची नाही. आता बसते, फोन दुधाच्या पातेल्याला टेकवून. तिला सांगत होती, "आली की आधी उजव्या कोपऱ्याला हात लाव. बारीक लागतील हाताला. आपल्या मालव्याचे पाच गहू आहेत. तुझी आई असती तर तिनं डबा भरून दिला असता. माझ्याकडून एवढेच."

ती मुलगी रडली. कुसुमनं फोन बंद केला नाही.

पार्सल परवाच गेलं आहे.

१३ डिसेंबर

पाकिटं आठ झाली. साइटवर पाच तारे. रक्तदाब १४२/९०. जेवणातलं मीठ कमी करायचं ठरलं.

२४ डिसेंबर

निहारिकाचा निरोप आला. कुसुमनं चष्मा लावून मोठ्यानं वाचला. गोधडी पोचली, सुंदर आहे, आईची लाल साडी बघून खूप वेळ तशीच बसून राहिले. मग शेवटी: "काकू, उजव्या कोपऱ्यात काही नाही. म्हणून बाकीचेही पाहिले. उजव्याचा दोरा वेगळा वाटतो. वाटेत कोणी काढले असतील का?"

मीना समोर बसली होती. कुसुमनं तिला विचारलं, त्या दिवशी तू घातले होतेस ना. साधं विचारलं. मीनानं हातातलं कापड खाली ठेवलं.

"आपको लगता है मैंने नहीं डाले?"

कुसुम म्हणाली, तसं नाही, घाईत राहून गेलं असेल, होतं कधी. मीना म्हणाली, माँ की साडी थी उसकी, उसमें भूल जाऊँगी? मग तिनं आपली कात्री आणि बोटातलं अंगुस्तान पिशवीत टाकलं आणि गेली. तिच्या चपलेचा जिन्यावर नेहमी आवाज होतो, आज झाला नाही.

मी चिकटपट्टी हातात धरून उभा होतो. कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, पार्सल वाटेत उघडलं असेल, कस्टमवाले उघडतात.

हे खोटं होतं. लिहून ठेवतो.

२६ डिसेंबर

मीना आली नाही. कुसुमनं फोन केला, उचलला नाही.

मी विचार करून पाहिला. नियम होता. तो मी केलेला नाही. धान्य सापडलं असतं तर पान बंद झालं असतं. हे सगळं बरोबर आहे. तरी सकाळपासून दोनदा पाकिटं काढून मोजली.

२९ डिसेंबर

दोन गोधड्या अर्ध्यावर पडल्या आहेत. कुसुम एकटी शिवते. मध्येच थांबते, समोर बघते, जिथे मीना बसायची. दोघींचे टाके एका ओळीत असे मिसळायचे की कोणाचा कुठे संपला ते कळत नसे. आता उरलेल्या अर्ध्यावर एकटीचे टाके दिसतात.

दुपारी तिनं इशिताला फोनवर सांगितलं की या दोन झाल्या की पान बंद कर. इशितानं कारण विचारलं. ती म्हणाली, एकटीनं होत नाही.

आज गुणगुणली नाही.

२ जानेवारी २०२५

नळाचं पाणी भरलं आणि मीनाकडे गेलो. पाकिटं खिशात होती. तिच्याकडे आजवर गेलो नव्हतो. दोन महिने ती रोज आमच्याकडे येत होती आणि मला तिचं दार माहीत नव्हतं. शेजारणीला विचारावं लागलं.

तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. मी निहारिकाचं पाकीट पुढे केलं. वर तारीख आहे, तीस नोव्हेंबर. तिनं उघडलं, दाणे तळहातावर घेतले. कापडाचा तुकडा तिनंच बांधलेला होता, गाठ ओळखली.

सगळं सांगितलं. पान चौदासुद्धा सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, शिवून दाखवा. मला कळेना. तिनं सुई आणि एक चिंधी दिली. मी चार टाके घातले. तिनं चिंधी उजेडात धरली.

"ये तो बोरी का टांका है, भाईसाब।"

हसली नाही. पण आवाज थोडा सैल झाला. मी माफी मागितली. ती म्हणाली, मुझसे क्या बोल रहे हो, भाभीजी से बोलो. सवाल उनके मुँह से निकला था. मेरे कान में वो बैठा है, आप नहीं.

३ जानेवारी

कुसुम गहू निवडत होती. समोर बसलो आणि आठ पाकिटं परातीशेजारी ओळीनं ठेवली.

तिनं एकेक उचललं आणि नाव वाचलं. झाबुआ. जबलपूर. सातारा. मी बोलत होतो. ती वाचत होती. टोरांटोचं वाचलं आणि खाली ठेवलं.

"नियम परदेशचा होता ना? मग झाबुआच्या बाईचे का काढलेत?"

मी म्हणालो, पद्धत एक असावी म्हणून.

"भाजलेला गहू उगवतो का कुठे?"

नियमात भाजलेला आणि कच्चा असा फरक केलेला नाही, हेही मी सांगितलं. ती बराच वेळ परातीत बोटं फिरवत राहिली. खडा सापडला, बाजूला ठेवला.

मग म्हणाली, "मला विचारायचं. नको म्हणायचं तर तोंडावर नको म्हणायचं. आधी निदान तेवढं तरी करत होतात."

आणि थोड्या वेळानं, मशीनकडे बघत: "ही चौथी आहे."

मी म्हणालो, हो, ऑगस्टमध्ये घेतली. ती परात तशीच ठेवून उठली, पदर खोचला, मीनाकडे गेली. दीड तासानं परत आली. डोळे लाल होते. तिनं चहा एकाच कपाचा केला आणि तो प्याली.

४ जानेवारी

चौथी म्हणजे काय ते आज दाढी करताना कळलं.

पहिली मशीन उज्जैन सोडताना गेली, दुसरी शाजापूर सोडताना, तिसरी नीमच सोडताना. रतलामला घेतलीच नाही. सात वर्षं. तिथे ती काय करत होती हे आठवायचा प्रयत्न केला. माझ्या रतलामच्या डायऱ्या काढल्या. हवामान आहे, शाखेचं कामकाज आहे, इशिताचे गुण आहेत. कुसुमचं नाव आजारपणात दोनदा आलं आहे.

६ जानेवारी

मीना आली. तिचं तेच बसणं, खिडकीजवळ. कुसुमनं तिच्यासमोर कात्री ठेवली, तिनं ती उचलली. बस. अर्ध्या तासात दोघी एका शेजारणीच्या सुनेबद्दल बोलायला लागल्या. मी आतून ऐकत होतो. इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

इशिताला फोन केला. पान बंद करू नको म्हणालो. ती म्हणाली, केलंच नव्हतं बाबा, आई असं बोलते तेव्हा चार दिवस थांबायचं असतं. पस्तीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही.

९ जानेवारी

नवी पद्धत कुसुमनं ठरवली. देशातल्या गोधड्यांत गहू जाणार, पहिल्यासारखे. परदेशी जाणाऱ्या गोधडीचा उजवा कोपरा चार बोटं उघडा सोडायचा. सोबत सुई, दोरा आणि चिठ्ठी. ज्या घरी जाईल त्या घरी जे खातात त्याचे पाच दाणे घालायचे आणि आपल्या हातानं शिवायचं. निहारिकाला कोपरा उसवून तसंच करायला कळवलं.

चौदावं पान पुन्हा वाचलं. यात नियमाचा भंग होत नाही. तसं सांगितलं. मीना म्हणाली, चलो, बैंक से मंज़ूरी मिल गई.

बाकी सात जणी देशातल्याच; त्यांना मी पत्रं लिहिली, हातानं. "आपल्या गोधडीतील पाच गहू माझ्या चुकीमुळे माझ्याकडे राहिले. सोबत पाठवत आहे. चूक माझी आहे, शिवणाऱ्यांची नाही." प्रत्येकात जिचं तिचं पाकीट. कुसुमनं एक पत्र वाचलं. म्हणाली, बरं लिहिलंय. मग म्हणाली, "'एक नग' नाही लिहिलंत कुठे."

१४ जानेवारी

संक्रांत. मीनाकडे तिळगूळ घेऊन गेलो. या वेळी दार विचारावं लागलं नाही.

१९ जानेवारी

निहारिकाचा फोटो आला. तिच्या घरात गहू नव्हते. राजमा होता. कोपरा चांगला टम्म फुगलाय आणि टाके वेडेवाकडे, कुठे लांब, कुठे एकावर एक. खाली लिहिलं होतं की आयुष्यात पहिल्यांदा सुई धरली, आईनं कितीदा शिकवायचा प्रयत्न केला होता.

मीना म्हणाली, राजमा, हे राम, रात भर चुभेगा. कुसुमनं फोटो मोठा करून पाहिला. मग फोन माझ्यासमोर धरला.

"बघा. तुमच्यापेक्षा बरे आहेत."

२३ जानेवारी

काल ताप होता. आज उतरला, पण अंग मोडून आलं आहे. दुपारी पडून राहिलो. पलंगावर उन्हाचा पट्टा येतो तिथे. कुसुम पायाशी बसून शिवत होती. मीना आज सुट्टीवर.

अंगावर आमची गोधडी होती. पाय त्या गाठीला लागला. वर्षानुवर्षं लागतो.

मी विचारलं, आपल्या गोधडीत आहेत का.

ती म्हणाली, "घर सोडून जाणाऱ्या गोधडीत घालतात. सांगितलं होतं ना."

हो, सांगितलं होतं. मग म्हणालो, पण आपली गेली होती. शाजापूरला गेली, नीमचला, रतलामला.

तिनं टाका पूर्ण केला.

उठून बसलो आणि पायाकडचा कोपरा हातात घेतला. कापड मऊ पडलं आहे, आतलं सगळं बोटाला कळतं. गाठ एक नाही. तीन बारीक पुरचुंड्या आहेत, एकमेकींना चिकटून. अंगठ्यानं चाचपून मोजले. पहिलीत पाच. दुसरीत पाच. तिसरीत चार लागले, पुन्हा मोजले, पाच.

कोपऱ्यावर तीन वेगवेगळ्या दोऱ्यांचे टाके आहेत. पांढरा, मग तपकिरी, मग निळा. हातानं घातलेले. मशीन तोवर विकलेली असणार.

जवळून पाहावं म्हणून मी तिच्या डब्यातली छोटी कात्री उचलली.

"उसवू नका," कुसुम म्हणाली.

कात्री ठेवली. गोधडी फिरवून तो कोपरा उशाशी घेतला आणि पडून राहिलो. ती पाहत होती. मग तिनं माझ्या पायांवरून गोधडी ओढून सारखी केली आणि पुन्हा शिवायला बसली.

संध्याकाळी नळ आला. पाणी तिनं भरलं.